फोन उभा, ॲप आडवं

स्प्लिट स्क्रीन लावली, म्हणजे एकाच स्क्रीनवर दोन ॲप, आणि अर्धा भरलेला फॉर्म कोरा झाला, की आळ येतो रॅमवर. "रॅम कमी आहे रे तुझी, नवा फोन घे." चर्चगेट लोकलमध्ये वर मॅच आणि खाली व्हॉट्सॲप लावून बसलेल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. बहुतेक वेळा रॅमचा काडीचा संबंध नसतो.

लावायची कशी ते पटकन: रिसेंट्स (अलीकडे वापरलेल्या ॲपची यादी) उघडा, ॲपच्या आयकॉनवर टॅप करा, स्प्लिट स्क्रीन निवडा, मग दुसरं ॲप. मधली पट्टी ओढून जागा कमी-जास्त होते, पार टोकाला नेली की एकच ॲप उरतं. मेनू कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे. अँड्रॉइडमध्ये हे ७.० पासून म्हणजे २०१६ पासून आहे, सॅमसंगने गॅलॅक्सी नोट २ वर २०१२ मध्येच दिलं होतं.

पण खरी गंमत त्या पट्टीत आहे. ॲपला तुमचा अख्खा फोन दिसत नाही, त्याला फक्त मिळालेली खिडकी कळते, आणि तिचं माप डीपीत (प्रोफाइल फोटो नव्हे, स्क्रीन मोजायचं एकक), १ डीपी म्हणजे ढोबळमानाने इंचाचा १६०वा भाग. समजा फोन ३६० डीपी रुंद आणि ८०० उंच. पट्टी वर सरकवली आणि वरच्या ॲपला उंची उरली २५०, रुंदी मात्र तीच ३६०. म्हणजे उंचीपेक्षा रुंदी जास्त! अँड्रॉइड त्या ॲपला सरळ कळवतं की तू आता आडवा आहेस. फोन तुमच्या हातात उभाच.

लोकलमध्ये चौथी सीट मागितली की बसलेले तिघं थोडे सरकतात. ॲप सरकत नाही, ते उठतं, गाडीतून उतरतं आणि परत चढून नव्या जागी बसतं. माप बदललं की चालू स्क्रीन, जिला अँड्रॉइडवाले ॲक्टिव्हिटी म्हणतात, ती मोडून नव्याने उभी केली जाते (डेव्हलपरने "बदल मी सांभाळतो" असं मॅनिफेस्ट नावाच्या ॲपच्या माहिती-फाइलमध्ये लिहिलं असेल तर नाही). मोडण्याआधी तिला बंडल नावाची छोटी पुरचुंडी मिळते, साध्या टेक्स्टबॉक्समधली अक्षरं बहुधा त्यात आपोआप जातात, व्ह्यूमॉडेल नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेला डेटाही शाबूत राहतो कारण प्रोसेस, म्हणजे चालू असलेलं अख्खं ॲप, मरत नाही, फक्त ॲक्टिव्हिटी मरते, पण डेव्हलपरने निवडलेला फोटो किंवा "आपण तिसऱ्या पायरीवर आहोत" हे ॲक्टिव्हिटीच्याच साध्या व्हेरिएबलमध्ये (तात्पुरत्या नोंदीत) ठेवलं असेल तर ते तिच्याबरोबर गेलं. फॉर्म कोरा!

तपासायचं असेल तर स्प्लिट न करता ऑटो-रोटेट चालू करा आणि फोन आडवा फिरवा. जे ॲप तिथे विसरतं ते पट्टी हलवल्यावरही विसरणार. ॲप आडवं होतच नसेल तर ही टेस्ट बाद.

आणि ते "रॅम बूस्टर", "क्लीनर" वगैरे काढून टाका बघू. रॅम मोकळी करायचं काम अँड्रॉइड स्वतःच करतं, मारलेली ॲप परत उघडताना उलट बॅटरी जास्त खर्च होते. फोनला लिंबू-मिरची बांधा, तेवढाच उपयोग.

जुन्या फोनवर स्प्लिटमध्ये व्हिडिओ थांबायचा, त्याचं कारण वेगळं. अँड्रॉइड १० च्या आधी दोन्ही ॲप दिसत असली तरी साधारणपणे एकच पूर्ण जागं असायचं, दुसरं "पॉज" अवस्थेत, त्यामुळे खाली टाइप करायला बोट लावलं की वरची मॅच बरेचदा अडकायची. १० पासून दोन्ही जागी राहतात. कॅमेरा मात्र दोघांना एकदम मिळत नाही, शेवटी ज्याला हात लावला त्याचा हक्क आधी.