लेबर रेट की विथ मटेरियल: गळती झाली तर कोणाला धरायचं?

सांगलीत घराची दुरुस्ती काढली की पहिला प्रश्न हाच: काम लेबर रेटनं (फक्त मजुरी, माल आपला) द्यायचं की विथ मटेरियल (मालासकट सगळं कॉन्ट्रॅक्टरचं)? आणि उत्तरही ठरलेलं, ‘माल आपणच आणू, कॉन्ट्रॅक्टरचं कमिशन वाचेल.’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. दुकानदार कॉन्ट्रॅक्टरला जो भाव देतो, तो चार पोती नेणाऱ्याला बहुधा देत नाही. वर हमाली आणि टेम्पोभाडं. भावाचा विषय इथेच संपला.

खरा घोळ जबाबदारीचा आहे. माल तुम्ही आणलात की मालाची जबाबदारीही तुमच्या गळ्यात येते. बाथरूमचंच घ्या. वॉटरप्रूफिंगचं केमिकल तुम्ही आणलं, पाइप तुम्ही, सिमेंट तुम्ही. गवंड्यानं फक्त काम केलं. दोन महिन्यांनी खालच्या खोलीच्या छताला ओल आली. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो केमिकल हलकं होतं, दुकानदार म्हणतो लावताना चुकलं. कोण खरं, ते फरशी फोडल्याशिवाय कळत नाही आणि फोडायचा खर्च तुमचा. विथ मटेरियलमध्ये ही पळवाट उरत नाही: माल कॉन्ट्रॅक्टरचा, हात त्याचा, गळतीही त्याची.

म्हणून माझं मत पक्कं आहे. भिंतीत, फरशीखाली किंवा स्लॅबवर जे गाडलं जातं ते कॉन्ट्रॅक्टरनंच आणावं: सिमेंट, वाळू, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंग. टाइल्स, नळ, बेसिन, दिवे असं डोळ्यांना दिसणारं तुम्ही घ्या. टाइल्सच्या सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना बघा आणि ५ ते १० टक्के जास्तीच्या घ्या. नंतर तीच शेड मिळेल याचा भरवसा नसतो.

विथ मटेरियलमध्ये मोह उलटा असतो, वाचेल तो माल कॉन्ट्रॅक्टरचा फायदा. त्यामुळे ‘चांगल्या कंपनीचं सिमेंट’ एवढंच लिहिलेलं कोटेशन घेऊच नका. कंपनी, ग्रेड, गिलावा १:४ चा की १:६ चा (सिमेंट एक भाग, वाळू चार की सहा), वॉटरप्रूफिंगचे हात किती, सगळं लिहून घ्या. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं उतरवूनच घेऊ नका. टाइल्स बसण्याआधी बाथरूममध्ये किमान २४ तास पाणी कोंडून ठेवायला लावा आणि खालून छत स्वतः बघा. त्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

गावभाग, खणभागात २०१९ च्या पुराचं पाणी मुरलेल्या भिंती असतील, तर आणखी एक ओळ वाढवा. खारवलेल्या गिलाव्यावरच नवा गिलावा मारला तर त्याचे पापुद्रे सुटतात आणि मग ‘भिंतच खराब होती’ म्हणून हात झटकले जातात. जुना गिलावा विटेपर्यंत खरवडणं आणि भिंत वाळू देणं हे कामातच धरलंय, असं कोटेशनमध्ये लिहून त्यावर सही घ्या.