सूपची चव पाणी घालण्याआधीच ठरते

मागच्या थंडीत एका रविवारी मी एकाच भाजीची दोन सूप केली. लाल भोपळा, टोमॅटो, गाजर, कांदा, लसूण आणि एक सिमला मिरची, सगळं मोजून दोन सारखे वाटे केले. एक वाटा पाण्यात उकळला. दुसऱ्याला तेल-मीठ चोळून ओव्हनमध्ये खरपूस भाजलं आणि मग त्यात पाणी घातलं. दोन्ही मिक्सरमधून काढून घरच्यांपुढे दोन वाट्या ठेवल्या. उकळलेलं सूप फिकट केशरी होतं, भाजलेलं विटकरी. पहिली वाटी सगळ्यांनी आजारी माणसाचं जेवण जेवावं तशी संपवली. दुसऱ्या वाटीवर पहिला प्रश्न आला, "ह्यात मसाला कुठला घातलास?" मसाला कुठलाच नव्हता. मिरपूडसुद्धा नव्हती.

तो न घातलेला मसाला आला कुठून, हे समजून घ्यायचं तर आधी पाण्याकडे बघावं लागतं. पाणी आपल्या घरांतल्या हवेच्या दाबाला साधारण 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि एकदा उकळायला लागलं की तिथेच थांबतं. गॅस कितीही मोठा केला तरी वाफ वाढते, तापमान वाढत नाही. म्हणजे पातेल्यात बुडालेला गाजराचा तुकडा तासभर उकळला तरी 100 अंशांच्या वर जाणार नाही. तो मऊ होईल, त्याचा रस पाण्यात उतरेल, पण तो तांबूस होणार नाही. भाजी तांबूस होऊन तिला खमंग वास सुटायला पृष्ठभागाचं तापमान साधारण 140 अंशांच्या आसपास जावं लागतं. उकळत्या पाण्यात ते कधीच होत नाही.

आता ओव्हन 200 अंशांवर तापलेला आहे, मग त्यातली भाजी लगेच 140 अंशांवर का पोचत नाही? कारण भाजी म्हणजे बहुतांश पाणीच. टोमॅटोत साधारण 94-95 टक्के, भोपळ्यात 91-92, गाजरात आणि कांद्यात 88-89 टक्के पाणी असतं. हे पाणी जोवर पृष्ठभागावर आहे तोवर ओव्हनची उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. आणि तो खर्च फार मोठा आहे. एक किलो पाणी 30 अंशांवरून 100 पर्यंत तापवायला सुमारे 290 किलोजूल लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे 2,260 किलोजूल. जवळपास पावणेआठ पट! म्हणून ट्रे आत सरकवल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं. भाजी नुसती घामेजलेली दिसते. कडा कोरड्या झाल्या की मात्र रंग झपाट्याने चढतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नसतं.

कोरडं झालेलं असतं ते फक्त वरचं पापुद्र्याएवढं आवरण. भाजीच्या पोटात पाणी आहेच, तिथलं तापमान 100 च्या वर जात नाही, आतला गर वाफेवर शिजतो. भाजल्याची सगळी चव त्या बाहेरच्या पातळ थरात तयार होते आणि मिक्सरमध्ये फिरवल्यावर अख्ख्या सूपमध्ये पसरते. त्यामुळे भाजी कशी चिरायची याला अर्थ येतो. पाच सेंटिमीटरचा एक चौकोनी तुकडा अडीच-अडीच सेंटिमीटरच्या आठ तुकड्यांत कापला तर भाजी तेवढीच राहते, पण भाजायला मिळणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. फार बारीक चिरली तर मात्र आतलंही पाणी उडून ती सुकट होते किंवा करपते. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे मला बरोबर वाटतात.

तापमान चढल्यावर त्या थरात जे घडतं त्याला माइयार अभिक्रिया म्हणतात. लुई कामिल माइयार हे फ्रेंच वैद्यक आणि रसायनशास्त्रज्ञ. शरीरात प्रथिनं कशी बनत असतील याचा शोध घेताना त्यांनी अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) आणि साखर एकत्र तापवली, तर मिश्रण तपकिरी झालं. हे त्यांनी 1912 साली प्रसिद्ध केलं. त्या तपकिरी रंगामागच्या पायऱ्यांची सुसंगत मांडणी व्हायला 1953 साल उजाडलं. ती अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी केली. भाजीतल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा अमिनो आम्लांशी जोडल्या जातात, ते रेणू पुन्हा मोडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यातून शेकडो नवे वासाचे पदार्थ तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्याचा, कॉफीचा, पावाच्या कडेचा वास याच घराण्यातला. शिवाय साखर स्वतःच तापून करपटगोड होते ती वेगळी क्रिया. फ्रुक्टोजच्या बाबतीत ती 110 अंशांच्या आसपासच सुरू होते, आपल्या साध्या साखरेला बरीच जास्त आच लागते.

ही अभिक्रिया आपल्या स्वयंपाकघरात नवीन नाही. दूध आटवलेल्या पातेल्याच्या तळाची खरवड आठवा. दुधातली साखर आणि दुधातलं प्रथिन पातेल्याला चिकटून तांबूस होतं, आणि त्या खरवडीवरून भावंडांत भांडणं होतात. मटणाच्या रश्श्यासाठी कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण करतात ते याचसाठी. कच्चं वाटण रश्श्यात तासभर उकळलं तरी ती चव येणार नाही, हे आपल्याकडच्या बायकांना माइयारचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. भाजलेल्या भाजीचं सूप वरवर परदेशी दिसलं तरी त्याची युक्ती वाटणाचीच आहे: आधी कोरड्या आचेवर भाजायचं, मग पाणी घालायचं.

सूपची खरवड ट्रेवर असते. भाजी काढून घेतल्यावर ट्रेच्या तळाला जो तपकिरी, चिकट, चकचकीत थर उरतो तो घासणीने धुऊन टाकणं मला फार जिवावर येतं. भाजीतून पाझरलेला रस तिथे आटून भाजलेला असतो, आणि त्यातलं बरंच काही पाण्यात विरघळतं. गरम ट्रेवर वाटीभर कढत पाणी ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, लाकडी उलथन्याने खरवडायचं. पाणी चहासारखं तांबूस होतं. ते सगळं सूपमध्ये. (तळाला काळा कोळसा झाला असेल तर मात्र नको, त्याचा कडूपणा सगळं सूप बिघडवतो.)

ट्रेवर गर्दी नको. तुकड्याला तुकडा टेकला की निघालेली वाफ त्यांच्यामध्येच कोंडते, भाजी भाजली न जाता उकडते आणि आपण पुन्हा 100 अंशांवर अडकतो. एका ट्रेवर एकच थर, मध्ये बोटभर जागा. मावत नसेल तर दोन घाण्यांत भाजावं. तेल प्रत्येक तुकड्याला लागलं पाहिजे, कारण खडबडीत पृष्ठभाग आणि तापलेला पत्रा यांच्यातली हवेची पोकळी ते भरून काढतं आणि उष्णता नीट पोचवतं. मीठ ट्रे आत जाण्याच्या ऐन वेळी लावावं. आधी लावून ठेवलं तर भाजीला पाणी सुटतं, आणि ते पाणी उडवण्यात आणखी वेळ जातो.

ओव्हन नसला तरी अडत नाही. एअर फ्रायर हा पंख्याचा छोटा ओव्हनच आहे आणि पंखा वाफ बाजूला सारतो म्हणून त्यात रंग लवकर येतो. बिडाच्या तव्यावर किंवा लोखंडी कढईत थोडी-थोडी भाजी न हलवता भाजली तरी छान होते. हात सतत चालवायची सवय मात्र इथे आवरावी लागते. तुकडा एका जागी राहिला तरच त्याला डाग पडतो.

लसणाचं रसायन मला या सगळ्यात सगळ्यात देखणं वाटतं. अख्ख्या लसणाला उग्र वास नसतो. पाकळीत अलिइन नावाचा पदार्थ आणि अलिइनेज नावाचं विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि काही क्षणांत तिखट, झणझणीत अलिसिन बनतं. पाकळी न फोडताच तापवली तर विकर आचेने निकामी होतं आणि अलिसिन फारसं बनतच नाही. म्हणून लसणाची गड्डी अख्खी ठेवायची, फक्त वरचा शेंडा कापायचा, चमचाभर तेल सोडून फॉइलमध्ये गुंडाळायची आणि भाजीबरोबर चाळीस मिनिटं ठेवायची. बाहेर काढून खालून दाबली की पाकळ्या लोण्यासारख्या घरंगळून बाहेर येतात. रंग खजुरी, चव गोडसर. अशी अख्खी गड्डी एका सूपमध्ये घातली तरी कुणाला लसूण जास्त झाला असं वाटत नाही. ठेचलेल्या लसणाची गड्डी घालून बघायचं धाडस मी करणार नाही.

टोमॅटो वेगळ्या ट्रेवर भाजावेत. एक तर त्यांचं पाणी शेजाऱ्यांना भिजवतं. दुसरं कारण आपल्याला आमटीवरून माहीत आहे: तुरीची डाळ शिजण्याआधी चिंच किंवा कोकम घातलं तर डाळ लवकर मऊ होत नाही. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा डिंक म्हणजे पेक्टिन. साधारण 85 अंशांच्या वर तो विरघळू लागतो आणि भाजी मऊ पडते, पण आंबट द्रवात हे विरघळणं मंदावतं. गाजराचे तुकडे टोमॅटोच्या रसात पडले तर ते दातांखाली कचकचत राहतात.

टोमॅटोच्या बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकू नका. बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या गरात ग्लुटामेट (भरीव, रश्श्यासारखी चव देणारा पदार्थ) जास्त असतं. 1908 साली टोकियोमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून हेच ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत ते भरपूर असतं. भाजताना पाणी उडतं आणि ते एकवटतं. दुसऱ्या वाटीतल्या त्या 'मसाल्या'चा बराच भाग हाच होता.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर लागत नाही. भोपळ्याचं आणि गाजराचं विरघळलेलं पेक्टिन आणि मिक्सरने फोडलेल्या पेशीभित्तिकांचे कण पाणी धरून ठेवतात, सूपला अंग येतं. भाजताना लावलेलं तेलही बारीक थेंबांत फुटून त्यात पसरतं. बटाटा मात्र मिक्सरच्या भांड्यात घालू नये. शिजलेल्या बटाट्यातला फुगलेला स्टार्च पात्यांनी बाहेर पडतो आणि सूप खळीसारखं चिकट, तार सुटणारं होतं. हवाच असेल तर वेगळा कुस्करून नंतर मिसळावा. पोटभरीचं करायचं तर मी मूठभर मसूर डाळ वेगळी शिजवून शेवटी घालते. मग एका भाकरीबरोबर रात्रीचं जेवण होतं.

मिक्सरबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. काही वर्षांपूर्वी मी कढत सूप काठोकाठ भरून, झाकण घट्ट दाबून मिक्सर सुरू केला होता. पहिल्याच झटक्याला झाकण उडालं आणि माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पात्यांनी कढत द्रव ढवळला की वरची थंड हवा एकदम तापते, वाफ झपाट्याने सुटते आणि बंद भांड्यात दाब वाढतो. म्हणून सूप कोमट होऊ द्यावं, भांडं अर्ध्याच्या वर भरू नये, झाकणाचं मधलं बूच काढून वर जाड फडकं धरावं आणि मिक्सर कमी वेगावर सुरू करावा. पातेल्यातच चालणारा हॅण्ड ब्लेंडर असेल तर सगळ्यात उत्तम.

पोषणाचा हिशेब सरळ आहे. आचेने क जीवनसत्त्व बरंच जातं. उलट टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य आणि गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन हे केशरी रंगद्रव्य शिजवल्याने पेशींच्या कैदेतून सुटतं, आणि दोन्ही स्निग्धात विरघळणारी असल्याने तेलाबरोबर शरीरात जास्त शोषली जातात. रंगावर मात्र लक्ष हवं. 2002 साली स्वीडनमध्ये दिसून आलं की पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर भाजले-तळले की माइयारच्याच वाटेने अ‍ॅक्रिलामाइड हा नकोसा पदार्थ बनतो. बटाट्यात त्याचा कच्चा माल जास्त असतो, आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होऊन तो आणखी वाढतो. तांबूस रंगावर थांबावं. काळे कोपरे कापून टाकावेत.

माझं चौघांचं माप असं: भोपळा अर्धा किलो, टोमॅटो 400 ग्रॅम, गाजरं दोन, मोठे कांदे दोन, सिमला मिरची एक, लसणाची गड्डी एक, शेंगदाण्याचं तेल तीन मोठे चमचे. ओव्हन आधी तापवून 200 अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. ट्रेचं खरवडीचं पाणी धरून पाऊण लिटर पाणी. वाटून झाल्यावर एक उकळी काढायची, गॅस बंद करायचा आणि मग अर्ध्या लिंबाचा रस पिळायचा. लिंबू उकळीत पिळू नये. त्याचा ताजा वास उडून जातो, आणि आचेने गेलेलं थोडं क जीवनसत्त्व परत मिळवायची संधीही.

उरलेलं सूप सकाळी फ्रिजमधून काढलं तर चमचा उभा राहील इतकं घट्ट झालेलं असतं. त्यात वाटीभर कढत पाणी घालून मंद आचेवर हलवत राहिलं की पाच मिनिटांत पूर्ववत होतं.