अमेरिकेतलं ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय शिक्षण आणि रेसिडेन्सीचा वाद

अमेरिकेत डॉक्टर व्हायला एमडी (तिथे ही आपल्या एमबीबीएससारखी मूळ डिग्री) आणि डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, अशा दोन डिग्र्या चालतात. डीओ हे पूर्ण लायसन्सवाले डॉक्टर, औषधं लिहितात, सर्जरी करतात, सगळ्या 50 राज्यांत प्रॅक्टिस करू शकतात, त्यामुळे ब्रिटनमधल्या नुसत्या हाताने उपचार करणाऱ्या ऑस्टिओपॅथशी त्यांची गल्लत करू नये. चार वर्षांचा अभ्यास जवळपास एमडीसारखाच, वर साधारण 200 तास हाडं-स्नायू-सांधे हाताने तपासायचं आणि उपचार करायचं शिक्षण. आज तिथल्या दर चार मेडिकल स्टुडंट्सपैकी एक तरी डीओ कॉलेजात असतो, तरीही रेसिडेन्सीला, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या स्पेशालिटी ट्रेनिंगला, अर्ज करताना त्याला दुय्यम वागणूक मिळते अशी तक्रार कायम आहे आणि त्यात तथ्य आहे.

ऑस्टिओपॅथीची सुरुवात अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांपासून, 1892 साली त्यांनी मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. एमडींच्या संघटनेने कित्येक दशकं डीओंना डॉक्टर मानलंच नाही. सगळ्यात विचित्र प्रकरण कॅलिफोर्नियाचं, तिथे 1962 मध्ये एमडी आणि डीओंच्या राज्यातल्या संघटना एक झाल्या आणि दोन हजारांवर डीओंना 65 डॉलर फी भरून एमडी डिग्री देण्यात आली, म्हणजे कालपर्यंत जे कमी दर्जाचे होते ते एका कागदाने बरोबरीचे झाले, आणि त्याच वर्षी राज्यातल्या जनतेच्या मतदानाने नवीन डीओंना लायसन्स देणंही बंद केलं, ते 1974 मध्ये कोर्टाने पुन्हा सुरू करायला लावलं.

रेसिडेन्सीचा प्रश्न वेगळा आणि जास्त किचकट. डीओंच्या एओए या संघटनेचे स्वतःचे प्रोग्राम होते, एमडीवाल्यांचे एसीजीएमई या रेसिडेन्सी प्रोग्रामना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे. डीओ दोन्हीकडे जाऊ शकायचे पण एमडी डीओंच्या प्रोग्रामला येऊ शकत नव्हते. त्यात फ्लोरिडा, मिशिगन, ओक्लाहोमा, पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया ही पाच राज्यं डीओंकडून एओएमान्य इंटर्नशिपचं एक वर्ष मागायची, मग एसीजीएमईकडे ट्रेनिंग घेतलेल्यांना एओएच्या रेझोल्यूशन 42 या ठरावाखाली सूट मागत बसावं लागायचं. 2011 मध्ये एसीजीएमईने सुचवलं की फेलोशिपला, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या सुपरस्पेशालिटी ट्रेनिंगला, यायचं तर आधीची रेसिडेन्सीही आमचीच हवी, आणि तिथून चक्रं फिरली. 2013 मध्ये एकत्र येण्याची बोलणी फिसकटली, फेब्रुवारी 2014 मध्ये जमलं, आणि 1 जुलै 2015 ते 30 जून 2020 या पाच वर्षांत सगळे प्रोग्राम एसीजीएमईखाली आणायचं ठरलं.

याचा फायदा झाला हे मान्य करायला हवं, फेलोशिपची दारं बंद व्हायचा धोका टळला. पण काही लहान हॉस्पिटलांच्या प्रोग्रामनी नवीन अटी झेपत नाहीत म्हणून अर्जच केला नाही आणि ते बंद झाले. शिवाय डीओंसाठी राखीव असलेल्या जागा एमडींना आणि परदेशी डॉक्टरांनाही खुल्या झाल्या, म्हणजे महाराष्ट्रातून एमबीबीएस करून यूएसएमएलई ही अमेरिकेतली लायसन्स परीक्षा देणारे आपले विद्यार्थीही आता त्याच रांगेत असतात.

एक गोष्ट मात्र एकत्र झालीच नाही, ती म्हणजे परीक्षा. डीओंना डिग्रीसाठी कॉमलेक्स ही त्यांची वेगळी लायसन्स परीक्षा द्यावीच लागते, पण बरेच प्रोग्राम डायरेक्टर यूएसएमएलईचा स्कोअर मागतात, खासकरून सर्जरीच्या शाखांत, म्हणून पोरं दोन्ही परीक्षा देतात, दोन्हीची फी भरतात, महिनोन्महिने दोनदा तयारी करतात. 2022 पासून दोन्हींची पहिली पायरी फक्त पास-फेल झाली, पण भार हलका झाला नाही, सगळं लक्ष दुसऱ्या पायरीच्या मार्कांवर गेलं. एकाच रेसिडेन्सीसाठी एकाच देशातल्या विद्यार्थ्याने दोन परीक्षा का द्याव्यात याचं पटेल असं उत्तर कोणी दिलेलं नाही, आणि कॉमलेक्स आपल्या वेगळ्या ओळखीचं चिन्ह म्हणून जपणाऱ्या डीओ संस्थांनीही विद्यार्थ्याच्या खिशाचा विचार करायला हवा.

दुसरीकडे टीकाकारांचा मुद्दाही पोकळ नाही. नवीन डीओ कॉलेजं भराभर निघालीत, बऱ्याच कॉलेजांकडे स्वतःचं टीचिंग हॉस्पिटल नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं लांबलांबच्या छोट्या हॉस्पिटलांत विखुरतात आणि ट्रेनिंगचा दर्जा जागेनुसार बदलतो. आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या पैशातून चालणाऱ्या रेसिडेन्सी जागांवर 1997 च्या कायद्याने मर्यादा आहे, कॉलेजं वाढली तशा त्या वाढलेल्या नाहीत.

2023 मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर फेअर ॲक्ट नावाचं विधेयक आलं, मेडिकेअरचा पैसा घेणाऱ्या प्रोग्रामनी डीओंचे अर्ज आणि कॉमलेक्सचे स्कोअर स्वीकारावेत आणि डीओ आणि एमडी कॉलेजांतून किती अर्ज आले, किती घेतले ते जाहीर करावं, अशी त्यातली मागणी होती.