कन्स्ट्रक्टर रिकामा, तरी स्टॅक भरला

जावाच्या प्रोग्रॅममध्ये 'ग्राहक' आणि 'खाते' असे दोन क्लास (ऑब्जेक्ट बनवायचे साचे) आहेत. पहिल्यात एक ओळ आहे: खाते = न्यू खाते(). दुसऱ्यात: मालक = न्यू ग्राहक(). कंपायलर हूं की चूं करत नाही. प्रोग्रॅम चालवला, की क्षणात 'स्टॅकओव्हरफ्लोएरर'.

ग्राहक बनवायचा तर खातं हवं, खातं बनवायचं तर मालक हवा, म्हणून पुन्हा नवा ग्राहक. एकही ऑब्जेक्ट पुरा होत नाही आणि प्रत्येक अर्धवट कॉल थ्रेडच्या (प्रोग्रॅमच्या चालत्या धाग्याच्या) स्टॅकवर, म्हणजे चालू कॉल लक्षात ठेवणाऱ्या मेमरीत, साचत जातो. ती भरली, की हा एरर. ६४-बिट लिनक्सवर हा स्टॅक सहसा १ एमबीचा असतो. तो जावा चालवताना 'एक्सएसएस' पर्यायाने वाढवता येतो, पण मग एरर जरा उशिरा येतो, इतकंच.

चूक शोधायला माणूस आधी कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) उघडतो, आणि तिथे तर काहीच नसतं! गोम अशी, की फील्ड (क्लासमधलं व्हेरिएबल, इथे 'खाते' आणि 'मालक') डिक्लेअर करतानाच दिलेली व्हॅल्यू कंपायलर गुपचूप कन्स्ट्रक्टरमध्ये घालतो, आणि तीही तुमच्या कोडच्या आधी. स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एररसोबत छापलेल्या कॉलच्या यादीत, दोन्ही क्लासची नावं 'इनिट'सह (हे कन्स्ट्रक्टरचं आतलं नाव) आलटून पालटून दिसतात. शेजारचा ओळ क्रमांक थेट त्या फील्डवर बोट ठेवतो.

(फील्ड स्टॅटिक, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी नव्हे तर क्लासची एकच, असत्या तर हा फेरा सुरूच झाला नसता. याच थ्रेडमध्ये क्लासचं इनिशियलायझेशन चालू आहे हे जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) माहीत असतं, ते पुन्हा सुरू होत नाही. पण त्या आतल्या ऑब्जेक्टला फील्ड 'नल' (रिकामी) दिसते, आणि असला बग हुडकणं जास्त जिकिरीचं.)

दुरुस्ती: खात्याने ग्राहक स्वतः बनवायचा नाही, कन्स्ट्रक्टरमधून घ्यायचा. ग्राहकाने लिहायचं: खाते = न्यू खाते(धिस). 'धिस' म्हणजे हाच ग्राहक. मात्र ही ओळ फील्डपाशी ठेवू नका. तिथे ठेवली तर ग्राहकाचं नाव अजून भरलेलं नसतं, आणि खात्याच्या कन्स्ट्रक्टरने ते वाचलं तर 'नल' मिळतं. कन्स्ट्रक्टरमध्ये, नाव भरून झाल्यावर, अगदी शेवटी ती लिहा.

एवढं करूनही ग्राहक प्रिंट करताना तोच एरर आला, तर दोन्ही क्लासचे 'टूस्ट्रिंग' (ऑब्जेक्टचा छापायचा मजकूर देणारी मेथड) पाहा. ते एकमेकांना हाक मारत असतील. खात्याच्या 'टूस्ट्रिंग'मधून मालक काढा, फक्त खाते क्रमांक छापा. 'हॅशकोड'लाही (ऑब्जेक्टवरून एक आकडा काढणाऱ्या मेथडला) हेच लागू.