न लिहिलेला सूर

‘आधी जुने संदेश वाचा.’

हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात एखादा नवखा विचारतो, पहिली दुर्बीण कोणती घेऊ? वीस वर्षं आकाश पाहणारा एक सभासद त्याला हे चार शब्दांचं उत्तर लिहितो. लिहिताना त्याच्या मनात असतं की या प्रश्नावर इथे फार सुरेख चर्चा झाली आहे, ती वाचली तर याचे पैसे वाचतील. नवखा वाचतो ते मात्र, ‘पुन्हा विचारू नकोस’. तो गप्प बसतो आणि काही दिवसांनी गट सोडून जातो. जुन्या सभासदाला याचा पत्ताही लागत नाही. दोघांपैकी कुणाच्याही मनात पाप नव्हतं.

मराठीत अशा वेळी सगळा खेळ एका अक्षराचा असतो. ‘वाचा’ हा हुकूम, ‘वाचा ना’ ही गळ, आणि ‘वाचा की’ ही लाडीगोडी आहे की वैताग, ते आवाजावरून ठरतं. घाईत टाइप करताना आपण नेमकी हीच अक्षरं गाळतो. अर्थ त्यांच्यावाचून पुरा होतो असं आपल्याला वाटतं, कारण लिहिताना सूर आपल्या डोक्यात वाजत असतो.

डोक्यात वाजणारा हा सूर लिहिणाऱ्याला किती फसवतो, हे जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह मोजलं आणि २००५ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी सहभागी लोकांना काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधानं समोरच्याला सांगायला लावली, कधी आवाजातून, कधी ईमेलनं. समोरच्यानं फक्त ओळखायचं होतं, हे खरं की टोमणा. सांगणाऱ्यांना खात्री होती की सुमारे ७८ टक्के वाक्यांचा सूर बरोबर पोचेल, मग माध्यम कोणतंही असो. आवाजातून ७३ टक्के पोचला, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. ईमेलनं पोचला ५६ टक्के. नाणेफेक करून उत्तरं दिली असती तरी ५० टक्के बरोबर आलीच असती! आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. याच संशोधनात समोर अनोळखी माणसाऐवजी मित्र असतानाही सूर अधिक चांगला पोचला नाही. ‘तो मला इतकी वर्षं ओळखतो, त्याला कळेल’ या भरवशाला इथे आधार सापडत नाही.

याचं मूळ कारण त्याआधीच्या एका साध्या प्रयोगात दिसतं. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. ऐकणाऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी सहज ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात शब्द आणि चालीसकट अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला मात्र टकटक ऐकू येते. आपला प्रत्येक लिहिलेला संदेश ही अशी टकटक आहे.

हसरा चेहरा काढण्याची पद्धत याच अडचणीतून जन्मली. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून एक गमतीची चर्चा रंगली होती : लिफ्टचा दोर तुटून ती खाली कोसळू लागली तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्या ओघात कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची खोटी सूचना गंमत म्हणून लिहिली, आणि काहींना ती खरी वाटली. मग १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी, म्हणजे मान वाकडी करून पाहिलं की हसू दिसेल. चर्चा करणारे सगळे हुशार होते, एकाच ठिकाणचे होते आणि विषयही त्यांच्या आवडीचा होता, तरीही घोटाळा झालाच.

सुराबरोबर समोरच्याचे डोळेही हरवतात. हैफा विद्यापीठातल्या २०१२ सालच्या संशोधनात संगणकावरून वाद घालणाऱ्या जोड्यांमध्ये नाव लपवणं, स्वतः न दिसणं आणि नजरेला नजर न मिळणं हे तिन्ही वेगवेगळे तपासले गेले. बोलणं बिघडवण्यात सर्वांत मोठा वाटा नजर न मिळण्याचा निघाला. भांडखोर लोक खोट्या नावाआडूनच बोलतात ही समजूत म्हणून अपुरी आहे. खऱ्या नावानं लिहिणारा भला माणूसही, समोरच्याच्या डोळ्यांत दुखावल्याची छाया दिसत नसली की, एक वाक्य जास्त लिहून जातो.

आणि ते एक वाक्य पुढच्यांना वाट दाखवतं. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ साली ६६७ जणांवर केलेला प्रयोग असा होता : काहींना अवघड कोडी देऊन त्यांचा मूड घालवला, मग सर्वांना एका लेखावर मत लिहायला सांगितलं. काहींना वर आधीची मतं सौम्य दिसत होती, काहींना कडवट. चांगल्या मूडमध्ये आणि सौम्य मतांखाली ३५ टक्के लोकांनी खोडसाळ किंवा झोंबणारं लिहिलं. मूड गेलेला आणि वर कडवटपणा, असं दोन्ही जुळलं तिथे ६८ टक्के लोकांनी तसं लिहिलं. माणसं जन्मानं भांडकुदळ असतात असं म्हणून हा फरक समजत नाही.

इंटरनेटच्या पायाभरणीच्या काळात, १९८० साली, जॉन पोस्टेल यांनी संगणकांसाठी एक नियम लिहिला होता. त्याचा आशय असा, की पाठवताना काटेकोर राहावं आणि स्वीकारताना उदार. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली यंत्रं एकमेकांशी बोलणार, कुणाचं थोडं चुकणारच, तेवढ्यानं संवाद तुटू नये. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शिका निघाली, तेव्हा तिनं हाच नियम माणसांना लावला. रागाचं उत्तर रात्रभर ठेवून सकाळी पाठवा, असंही तिनं सांगितलं. मला पोस्टेल यांचा नियम फार मोलाचा वाटतो, कारण तो सहनशीलतेला दुरुस्तीचं काम देतो. वाटेत सूर गळणार हे माहीत असेल, तर वाचणाऱ्यानं तो शक्य तितका चांगला धरून भरून काढायचा. पाठवणाऱ्यासाठीही क्रूगर आणि एप्ली यांच्या प्रयोगांत एक उपाय दडलेला आहे. आपलाच संदेश उलट्या सुरात मोठ्यानं वाचून पाहिलेल्या लोकांचा फाजील विश्वास कमी झाला. मी आता पाठवण्याआधी दोन ओळी मुद्दाम चिडक्या आवाजात वाचतो. त्या तशाही वाचता आल्या, तर त्या बदलतो.

पण नियमाची दुसरी बाजूही आहे. जून २०२३ मध्ये मार्टिन थॉमसन आणि डेव्हिड स्किनाझी यांनी इंटरनेटच्या तांत्रिक दस्तावेजात तीच मांडली. स्वीकारणारा गुपचूप चूक पोटात घालत राहिला, तर पाठवणाऱ्याला ती कळतच नाही. मग इतरांनाही तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं आणि कालांतरानं चूकच नियम होऊन बसते. हौशी गटांत हे मी होताना पाहिलं आहे. ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणत सगळे एकाला सांभाळून घेतात, आणि नवे लोक तोच सूर उचलतात. इथे कुणाला पगार नसतो, त्यामुळे दुखावलेल्याला थांबवून ठेवणारं काहीच नसतं. तो जातो तेव्हा जुन्या रेडिओची दुरुस्ती, पक्ष्यांच्या नोंदी, भिंगं घासण्याची युक्ती, जे काही त्याला येत होतं तेही जातं. म्हणून चूक सांगायची, पण वेळेवर, खासगीत आणि माणसाऐवजी वाक्याबद्दल. ‘हे वाक्य मला लागलं, तुम्हाला तसं म्हणायचं होतं का?’ एवढं पुरतं.

असं न दुखावता सांगण्याची आणि ऐकण्याची सवय हौशी रेडिओचालकांना, म्हणजे छंद म्हणून बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलणाऱ्यांना, पूर्वीपासून आहे. १९२८ साली पॉल सेगल यांनी लिहिलेल्या त्यांच्या आचारसंहितेत, कुणी मागितलं तर सावकाश आणि धीरानं संदेश पाठवावा, नवख्याला मित्रत्वानं सल्ला द्यावा, असं कलम आहे. मॉर्सच्या, म्हणजे तारेच्या लहान-मोठ्या ठोक्यांच्या, भाषेत त्यासाठी क्यूआरएस ही तीन अक्षरांची खूण आहे, म्हणजे ‘जरा हळू’. ती आली की मिनिटाला पंचवीस शब्दांच्या वेगानं बोलणारा जुना चालक आपला हात आवरतो आणि पाच शब्दांवर येतो. मग नवख्याची अडखळती कट्ट-कडकट्ट आणि त्याची कट्ट-कडकट्ट एकाच चालीनं चालू राहते, आणि निरोप घेताना दोघंही ७३ पाठवतात, म्हणजे शुभेच्छा.