गिचमिड आली? मग निम्मं काम झालं

जुन्या बीबीसी मायक्रो संगणकाला लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर नुसती गिचमिड उमटली, की बहुतेक जण कपाळाला हात लावतात. मला उलट हायसं वाटतं. गिचमिड म्हणजे वायरीतून काहीतरी पोचतंय. खरी डोकेदुखी शांततेची.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हा संगणक १९८१च्या डिसेंबरात आणला. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि मॉडेल बीमध्ये ३२ केबी मेमरी. ऐंशीच्या दशकात ‘क्लास’ या सरकारी योजनेतून तो आपल्या शाळांतही आला, त्यामुळे आज पन्नाशी ओलांडलेल्या काहींना त्याचा कळफलक अजून आठवत असेल. फ्लॉपी दगा देतात, म्हणून प्रोग्रॅम आत-बाहेर करायला मागचं सिरियल सॉकेट, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणारं सॉकेट, कामी येतं.

शांतता असेल तर आधी ते सॉकेटच बघा. फाशावरच्या पाचासारख्या पाच पिना, त्यामुळे प्लग उलटाही तितक्याच सहज बसतो! मधली ग्राउंडची पिन जागेवर राहते, बाकी चौघींची अदलाबदल होते. असा सॉकेट कुणाला सुचला, देव जाणे. प्लग फिरवून बघायला पैसा लागत नाही.

तरी काही नाही? मल्टीमीटरचं काळं टोक मधल्या पिनेला, लाल टोक डेटा पाठवणाऱ्या पिनेला. काहीच पाठवत नसताना उणे ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. या पद्धतीत १ म्हणजे ऋण दाब, ० म्हणजे धन, आणि रिकामी बसलेली लाइन कायम १ वर असते. शून्य दिसलं तर पॉवर सप्लायकडून उणे ५ व्होल्ट आणणारी वेगळी वायर निसटलीय का बघा. ती निघाली तरी संगणक मजेत चालू राहतो, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

यूएसबीच्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरचाही एक सापळा आहे. त्यातले काही टीटीएलवाले, म्हणजे ० ते ५ किंवा ३.३ व्होल्टचे असतात. त्यांची रिकामी लाइन वरच्या दाबावर बसते, म्हणजे सगळंच उलटं. शिवाय उणे व्होल्ट आत शिरले तर अ‍ॅडॅप्टर जळू शकतो. घेताना ‘आरएस-२३२’, म्हणजे उणे-अधिक दाबाची पद्धत, लिहिलेलाच घ्या.

पाठवण्याआधी बीबीसी समोरच्याची परवानगी बघतो. त्यासाठी सीटीएस ही पिन असते. ती सुटी राहिली तर डेटाची वायर ठणठणीत असूनही एक अक्षर हलणार नाही. कुणाची चूक हे ठरवायला प्लगमध्येच पाठवणारी पिन घेणाऱ्या पिनेला आणि आरटीएस, म्हणजे बीबीसी स्वतः ‘पाठव’ किंवा ‘थांब’ सांगतो ती पिन, सीटीएसला जोडा. पाठवलेलं अक्षर परत आलं, तर बीबीसी निर्दोष. मग केबल आणि लॅपटॉपकडे वळा.

इथे एक कबुली. *एफएक्स २,१ ही आज्ञा दिली की संगणक कळफलक सोडून सिरियलचं ऐकू लागतो. मला हे माहीत नव्हतं. कळफलक मेला समजून मी तो खोलून, ब्रशने झाडून, परत लावून बसलो होतो.

आता गिचमिड. दोन यंत्रांमध्ये घड्याळाची वायर नसते. अक्षराच्या आधी येणारा स्टार्ट बिट दिसला की घेणारा स्वतःचं घड्याळ सुरू करतो आणि प्रत्येक बिटाच्या मधोमध डोकावतो. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंदांचा. स्टार्ट आणि अक्षराच्या शेवटचा स्टॉप बिट धरून दहा बिट होईपर्यंत चूक अर्ध्या बिटाच्या आत राहिली की भागतं, म्हणजे दोघांच्या वेगात ढोबळ पाच टक्क्यांची सूट. बीबीसीचं ९६०० प्रत्यक्षात ९६१५ असतं, कारण १६ मेगाहर्ट्झला आधी १३ने भागून तो वेग काढलेला. फरक ०.१६ टक्का, त्याने काही बिघडत नाही. दोष बहुधा आपल्या सेटिंगचा. घेण्याचा वेग *एफएक्स ७ने आणि पाठवण्याचा *एफएक्स ८ने, असे दोन वेगळे ठरतात, आणि आपण एकच बदलून मोकळे होतो.

मला आवडणारी एक चाचणी. *एफएक्स ८,४ देऊन वेग १२०० करा आणि ८५ हा कोड, म्हणजे इंग्रजी कॅपिटल ‘यू’, सतत पाठवत राहा. स्टार्ट-स्टॉपसकट त्याचे बिट ०१०१०१०१०१ असे एकाआड एक येतात. मल्टीमीटरला इतकं भरभर दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. उणे ५ वरचा आकडा शून्याजवळ सरकला की समजा, अक्षरं खरोखर बाहेर पडतायत. ऑसिलोस्कोपची गरज नाही.

राहिली शेवटची तक्रार : सगळं नीट येतं, पण लांबलचक प्रोग्रॅम पाठवला की मधूनच ओळी तुटतात. बेसिक, म्हणजे बीबीसीची प्रोग्रॅमिंग भाषा, ओळ मेमरीत बसवत असते तोवर येणारी अक्षरं बफर नावाच्या तात्पुरत्या जागेत साठतात. नऊच जागा उरल्या की बीबीसी ‘थांब’ म्हणतो. लॅपटॉपच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे वायरीवरून आलेला ‘थांब’ पाळण्याची सोय, चालू नसेल, तर ते ऐकायलाच कुणी नसतं. चालू असूनही काही अ‍ॅडॅप्टर पोटात आधीच घेतलेली दहा-पंधरा अक्षरं ढकलल्याशिवाय थांबत नाहीत आणि जास्तीची सांडतात. *एफएक्स २०३,४० द्या. मग चाळीस जागा शिल्लक असतानाच बीबीसी हात वर करतो आणि उशिरा थांबणाऱ्यालाही जागा पुरते.