सुनावणीत कागद देण्याआधी: काय झाकायचं, काय उघडं ठेवायचं

अणुऊर्जा केंद्रांच्या परवाना-सुनावणीसाठी कागदपत्रं तयार करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या चवथीच्या तोंडावर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले एक वर्कशॉपवाले फाईल घेऊन आमच्या झेरॉक्स-टायपिंगच्या काउंटरवर आले. चाळीसेक पानं, आणि पानापानावर तांबड्या शाईत ‘गोपनीय’चा शिक्का. कव्हरिंग पत्रावर शिक्का, कोऱ्या पानावर शिक्का, वर्कशॉपच्या दारावरच्या पाटीचा फोटो होता त्यावरही शिक्का. त्यांनी घडवलेला व्हॉल्व्हचा एक सुटा भाग अमेरिकेतल्या एका अणुऊर्जा केंद्राच्या यंत्रणेत जायचा होता. खरेदीदार कंपनीने कळवलं होतं की तुमची ड्रॉइंग परवान्याच्या फाईलला लागतील, गुप्त काय ते तुम्हीच सांगा. ‘‘सगळंच गुप्त करून टाकलं,’’ ते म्हणाले. त्यांना बसवून, चहा मागवून, हा शिक्का का चालणार नाही ते सांगायला दीड तास लागला. प्रत्येकाबरोबर दीड तास बसणं जमत नाही, म्हणून हा कागद छापला आहे.

गोव्यात अणुऊर्जा केंद्र नाही. काणकोणहून पोळ्याची सीमा ओलांडली की कारवार तालुक्यात कैगा आहे, तेच आपल्याला सर्वांत जवळचं. पण वेर्णा, कुंडई, बेतोडा इथल्या कारखान्यांतून निघालेला माल कुठल्या कुठे जातो, आणि मालाच्या मागोमाग त्याचे कागदही जातात.

सुनावणी म्हटल्यावर नेमकं काय?

अमेरिकेत अणुऊर्जा केंद्राला परवाना देणारी संस्था म्हणजे तिथला अणु नियामक आयोग. अर्ज आला की त्याची जाहीर सूचना निघते, आणि ज्याच्या हिताला धक्का लागतो तो हरकत घेऊन सुनावणी मागू शकतो. ती बहुधा तीन जणांच्या मंडळापुढे चालते: एक कायदा जाणणारा, दोघे तांत्रिक विषयातले. कोर्टासारखीच साक्षी-पुरावे, युक्तिवाद. अर्जाचे कागद लोकांना पाहायला खुले, हा तिथला मूळ नियम, आणि झाकणं हा अपवाद. अपवाद हवा असेल तर मागणाऱ्याने कारण द्यायचं.

आमच्याकडे येणारे बरेच जण याच्या उलट समजून येतात.

तीन ढीग

फाईल आली की आम्ही आधी तिचे तीन ढीग करतो.

पहिला, धंद्याचं गुपित: तुमची टॉलरन्स (म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तरी चालतं ती मर्यादा), उष्णता-प्रक्रियेचं तापमान आणि वेळ, मिश्रधातूचं प्रमाण, भाव. दुसरा, माणसांची खासगी माहिती: कामगारांचे घरचे पत्ते, मोबाईल, जन्मतारखा, वैद्यकीय दाखले. यात वाद नसतो, ती काढायचीच. तिसरा, सुरक्षेचा: पहारा किती आणि कुठे, धोक्याची घंटा कशी जोडली आहे, कुठलं दार कशाने बंद होतं, गाड्या अडवणारे अडथळे कुठे आहेत. अमेरिकी कायद्यात या तिसऱ्यासाठी खास वर्ग आहे. लष्करी गुपित नव्हे, पण त्याच्या खालोखाल जपायची माहिती. तुमच्या फाईलमध्ये असं काही दिसलं तर आम्ही पानं तिथेच मिटतो आणि फाईल तुमच्या हातात परत देतो. ते काम आमच्या दुकानाचं नाही.

चौथाही एक ढीग लोक गुपचूप घुसडतात, आणि तो म्हणजे लाज. तपासणीत नापास झालेला नग, वेल्डिंगमधली चीर, उशिरा केलेली दुरुस्ती. ही माहिती अडचणीची असेल, पण अडचणीची म्हणून ती गोपनीय ठरत नाही. हरकत घेणाऱ्याला नेमकी तीच हवी असते, आणि आमच्या मते ती त्याला मिळायला हवी.

पाच प्रश्न

धंद्याचं गुपित झाकून घ्यायचं तर अमेरिकी नियम, १० सीएफआर २.३९०, प्रतिज्ञापत्र मागतो. ज्याचा माल त्याच्या जबाबदार माणसाने शपथेवर सांगायचं की हे का झाकावं. त्यात जे मुद्दे तपासले जातात ते आम्ही कुंडईच्या त्या ग्राहकाला एकेक करून विचारले.

ही माहिती तुम्ही स्वतः गुप्त ठेवता का? ते गप्प झाले. ड्रॉइंग लेथशेजारच्या भिंतीला सेलोटेपने चिकटवलेलं होतं, भंगारवाल्यालाही दिसेल असं. तुमच्या धंद्यात अशी माहिती गुप्त ठेवायची रीत आहे का, आणि ती का? हो, उष्णता-प्रक्रियेची तरी आहे, ती कोणी कोणाला सांगत नाही. पुढे देताना विश्वासाने दिलीत का? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, एका ग्रुपवर. आधीच कुठे जाहीर आहे का? बाहेरची मापं त्यांच्याच छापील कॅटलॉगमध्ये होती. उघड झाली तर धंद्याचं खरंच मोठं नुकसान होईल का? म्हणजे ती मिळवायला तुम्हाला किती खर्च आणि कष्ट पडले, आणि दुसऱ्याला ती सहज जमेल का?

शेवटी चाळीस पानांतून झाकायला उरले चार तुकडे: दोन टॉलरन्स, एक तापमान-वेळेचा तक्ता, एक दरपत्रक. बाकी सगळं उघडं. भिंतीवरचं ड्रॉइंगही त्यांनी त्याच दिवशी काढून कपाटात ठेवलं, हे नंतर फोनवर कळलं.

खुणा करायचीही पद्धत ठरलेली आहे. गुप्त मजकूर असलेल्या पानांच्या माथ्यावर कोणत्या नियमाखाली रोखायचं ते लिहायचं, नेमका तुकडा कंसात दाखवायचा, आणि सोबत दुसरी प्रत द्यायची ज्यात फक्त तेवढे तुकडे कोरे. आयोगाला तुमचं कारण पटलं नाही तर तो लगेच कागद उघडा करत नाही. नोटीस देतो, त्यात किमान ३० दिवसांची मुदत असते, आणि काही अपवाद सोडले तर त्या काळात कागद परत मागता येतो. कागद परत घेतला की अर्थात त्याचा आधारही गेला. अर्ज तुमच्या खरेदीदाराचा असतो, त्यामुळे आधी त्याला विचारा.

समोरच्या बाजूला असाल तर

हरकत घेणाऱ्यांचे वकीलही आमच्याकडे नकला काढायला येतात, आणि काही ग्राहकांना ते खुपतं. आमचं काम दोघांचं करायचं, एकाचं दुसऱ्याला न सांगता.

झाकलेलं कोणालाच कधी दिसत नाही असं नाही. सुनावणी मागणाऱ्याला ते पाहायची वाट अमेरिकेत ठेवलेली आहे, फक्त घड्याळ फार वेगाने चालतं. जाहीर सूचना निघाल्यापासून १० दिवसांत पाहण्याची मागणी करायची. त्यात दोन गोष्टी दाखवायच्या: सुनावणीत उभं राहण्याचा तुमचा हक्क बनतो, आणि हा कागद तुम्हाला खरोखर लागतो. आयोगाचे कर्मचारी पुढच्या १० दिवसांत उत्तर देतात. मग ‘बाहेर बोलणार नाही’ असा लेखी करार, किंवा मंडळाचा संरक्षक आदेश, आणि त्या चौकटीत कागद हातात. तो वाचून नवी हरकत मांडायला साधारण २५ दिवस. गुप्त भागावर बोलायची वेळ आली की दालनाचं दार लोकांसाठी बंद होतं.

सुरक्षेच्या ढिगासाठी एवढ्याने भागत नाही. तिथे बोटांचे ठसे, गुन्हेगारी नोंदींची तपासणी, माणूस भरवशाचा आहे का याची चौकशी, आणि एवढं करूनही ‘माहिती असणं गरजेचं’ ठरलं तरच. कागद पाठवायचा तर दोन लिफाफ्यांत: आतल्यावर खूण, बाहेरचा साधा, वरून काही कळू नये असा. नकला लागतील तेवढ्याच. आणि झेरॉक्सवाले म्हणून आम्हाला सर्वांत आवडलेली अट अशी की नक्कल काढणाऱ्या यंत्राच्या स्मृतीत काही उरत नाही ना, ते यंत्र नेटवर्कला जोडलेलं नाही ना, हेही तपासायचं. आजच्या मोठ्या झेरॉक्स यंत्रात हार्ड डिस्क असते, हे नाक्यावर आधार कार्डाची नक्कल काढताना किती जणांच्या डोक्यात येतं?

हे सगळं इतकं कडक झालं ते ११ सप्टेंबर २००१ नंतर. त्या ऑक्टोबरात आयोगाने आपली अख्खी वेबसाइट बंद केली आणि कागद चाळून चाळून मगच थोडेथोडे परत ठेवले.

आणि आपल्याकडे?

आपली वाट वेगळी आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ पासून आहे. जागा, बांधकाम, सुरुवात, चालवणं अशा टप्प्यांवर ते परवानगी देतं. पण त्याच्यापुढे अमेरिकेसारखी उलटतपासणीची जाहीर सुनावणी होत नाही. लोक ज्याला ‘अणुप्रकल्पाची सुनावणी’ म्हणतात ती असते २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेखालची जनसुनावणी. खाणींमुळे गोव्यातल्या लोकांना ती चांगली ठाऊक आहे: मांडव, माईक, व्यासपीठावर अधिकारी, आणि कॅमेरा. जैतापूर प्रकल्पाची १६ मे २०१० ला माडबनला झाली. कैगाच्या पाचव्या-सहाव्या अणुभट्टीची २०१८ साली कारवार तालुक्यात झाली.

या जनसुनावणीआधी अहवालाचा मसुदा आणि स्थानिक भाषेतला सारांश लोकांना पाहायला ठेवावा लागतो, आणि किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्याच अधिसूचनेत एक छोटं वाक्य आहे जे फार कोणी वाचत नाही: बौद्धिक संपदेशी निगडित किंवा कायद्याने उघड करता न येणारी माहिती वेबसाइटवर टाकायची नाही. म्हणजे तुमचा तक्ता अशा अहवालाच्या परिशिष्टात जाणार असेल तर तो जाण्याआधीच ‘हे टाकू नका’ असं लेखी कळवून पोच घ्या. एकदा अपलोड झाल्यावर रडून उपयोग नाही.

दुसरं दार माहिती अधिकाराचं. २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(ड) व्यापारी गुपितांना संरक्षण देतं, पण व्यापक जनहित मोठं ठरलं तर तेही बाजूला होतं. तुम्ही गुप्त म्हणून दिलेला कागद कोणी मागितला, तर कलम ११ खाली माहिती अधिकारी तुम्हाला पाच दिवसांत नोटीस पाठवतो आणि म्हणणं मांडायला तुमच्याकडे दहा दिवस असतात. ही नोटीस टेबलावर पडून राहिली आणि दहा दिवस गेले, असे तीन ग्राहक आम्ही पाहिले आहेत. मालक मुंबईला, पाकीट वॉचमनकडे. कृपया वॉचमनला सांगून ठेवा.

आणि कलम १०, आमच्या धंद्याचं लाडकं कलम. ज्यात थोडंच गुप्त आहे तो कागद अख्खा अडवायचा नाही, गुप्त भाग वगळून उरलेला द्यायचा. २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने कुडनकुलमच्या बाबतीत हेच केलं. सुरक्षा विश्लेषण अहवाल आणि जागेचा मूल्यमापन अहवाल द्या, पुरवठादाराच्या मालकीच्या आराखड्याचे तपशील तेवढे वगळा, असा आदेश अणुऊर्जा महामंडळाला दिला. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तरी कात्री कशी चालवावी याचा तो चांगला नमुना आहे.

या सगळ्यावर अणुऊर्जा कायद्याची सावली आहेच. १९६२ च्या कायद्यात कलम १८ ने माहिती रोखण्याचे अधिकार सरकारकडे ठेवले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी ‘शांती’ कायदा मंजूर केला. तुमच्या कागदाला यातलं नेमकं कोणतं कलम लागतं ते वकिलाला विचारा, आम्ही सांगणार नाही.

काळं करणं: हात कुठे घसरतो

काळ्या मार्करने रेघ ओढलेला कागद खिडकीशी धरा, आतलं बहुतेक वेळा वाचता येतं. तसा कागद स्कॅन करून ब्राइटनेस वाढवला तरी वाचता येतं. आम्ही मूळ कागदाला हात लावत नाही. नक्कल काढतो, तिच्यावर तुकडा कापून काढतो किंवा जाड पट्टी चिकटवतो, आणि त्या नकलेची पुन्हा नक्कल काढतो. सुपूर्द होते ती ही दुसरी.

पीडीएफचा घोळ याहून मोठा. मजकुरावर काळा चौकोन काढला म्हणजे तो गेला नाही, चौकोनाखाली तसाच बसलेला असतो. माउसने निवडा, कॉपी करा, वर्डमध्ये चिकटवा, सगळं समोर. एका ग्राहकाने घरून ‘झाकून’ आणलेलं दरपत्रक आम्ही त्यांच्याच डोळ्यांसमोर असं उघडून दाखवलं, तेव्हा ते खुर्चीतून उठले. म्हणून झाकल्यावर आम्ही पान चित्रात बदलतो, मागचा मजकूर-थर काढून टाकतो, आणि झाकलेला शब्द फाईलमध्ये शोधून पाहतो. सापडला नाही तरच फाईल बाहेर. एक्सेल असेल तर लपवलेल्या शीट, वर्ड असेल तर जुन्या दुरुस्त्या आणि शेऱ्यांची कड, आणि शेवटी फाईलचं नाव. ‘अंतिम_दर_कमी_केलेला’ अशा नावाची फाईल आत कितीही काळी असली तरी बाहेरून बोलतेच.

ड्रॉइंगमध्ये मापं झाकून टायटल ब्लॉकमधली (नाव-तपशिलाच्या चौकटीतली) प्रमाण-रेघ तशीच सोडली, तर पट्टी लावून मापं परत काढता येतात. हे आम्हालाही एका फिटरनेच शिकवलं.

आमच्याकडे येताना

गोपनीय काम नेटवर्कला न जोडलेल्या एका संगणकावर होतं, आणि हार्ड डिस्क नसलेल्या जुन्या झेरॉक्सवर. त्याचा वेग कमी आहे, तेव्हा घाई करू नका. काम संपलं की तुमच्यासमोर फाईल पुसतो आणि वाया गेलेल्या नकला फाडून तुमच्याच पिशवीत देतो. ईमेलवर काही पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. काय झाकायचं हे तुम्ही पेन्सिलने कंस करून आणा. आम्ही शंका काढू, पण ठरवणार तुम्ही आणि तुमचा वकील. प्रतिज्ञापत्राचा मसुदा आम्ही टाइप करतो, भाषांतरही करतो, मात्र त्यातलं कारण आम्ही रचून देत नाही.

मोठी ड्रॉइंग घडी घालून आणू नका, घडीवरचे आकडे स्कॅनमध्ये तुटतात. गुंडाळून, नळीत घालून आणा.